अडीच मिनिटांचा फायदा

आमचं घर नेमकं किती बेशिस्त आहे, हे मला एका माणसाने वर्तमानपत्राच्या मापात सांगितलं.

"काही गेटांना माझे नुसते मथळे वाचून होतात," तो म्हणाला. "काही गेटांना मथळेपण होत नाहीत, पोरं उभीच असतात. एका ठिकाणी मी निधनवार्ता वाचतो. कुठे ते सांगणार नाय, ज्याचं त्याला ठाऊक. आणि तुमच्याकडे, मुक्ताचे पप्पा, अख्खा अग्रलेख होतो. परवा तर राशिभविष्य झालं. माझी रास कन्या. ती वाचून झाली तरी तुमची पोरगी येईना, मग उरलेल्या अकरापण वाचल्या."

मी मोठ्याने हसलो. माणूस विनोदी आहे, असं मनात म्हटलं आणि विषय सोडून दिला. माझ्याबद्दल कोणी खरं बोललं की मला ते नेहमी विनोदी वाटतं.

हा माणूस म्हणजे मुक्ताच्या शाळेची व्हॅन चालवणारे काका. त्यांचं नाव मी इथे मोठेपणाने लपवतोय असं समजू नका. मला ते ठाऊकच नव्हतं. त्या व्हॅनमधून नऊ घरांची नऊ मुलं जायची आणि नऊच्या नऊ घरांतल्या फोनमध्ये ते 'व्हॅनकाका' होते. तसं पाहिलं तर आम्हा पालकांना तरी कुठे नावं होती? मी मुक्ताचा बाबा, ही मुक्ताची आई, आणि व्हॉट्सॲप ग्रुपची सर्वेसर्वा सान्वीची आई. पोटच्या पोरांनी आमची नावं पुसून टाकली, तिथे काकांनी तक्रार कशाला करावी?

तेव्हा मुक्ता चौथीत होती. आम्ही बोरिवलीत गोराईच्या बाजूला राहायचो, अजूनही तिथेच आहोत. शाळा चारकोपला. मध्ये लिंक रोड, आणि लिंक रोडच्या मधोमध तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते. रस्त्याचा बराचसा भाग निळ्या पत्र्यांच्या मागे गेला होता. उरलेल्या पट्टीतून बस, ट्रक, रिक्षा, पाण्याचे टँकर आणि आमची मुलं जायची.

काका साठीला टेकलेले होते. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, यांनी आयुष्यभर लाल बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर पिवळी व्हॅन घेतली. गाडीचा रंग बदलला, वेग तोच राहिला. काटा चाळीसच्या पुढे जायचा नाही. चाळीसच्या पुढे काट्याला गंज चढलाय, असं पोरं म्हणायची. उंच, वाकलेले, खिशाला पेन, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात असे ठेवलेले की कोणीतरी झोपलेलं बाळ त्यांच्या हातात दिलंय.

हॉर्न ते वाजवत नसत. लिंक रोडवर तर नाहीच, पण गेटवरसुद्धा नाही. गेटपाशी आले की इंजिन बंद करायचे, हॅन्डब्रेक ओढायचे आणि सीटच्या बाजूचा पेपर उघडायचे. एकदा मी गॅलरीतून ओरडून विचारलं, "काका, एक हॉर्न मारायचा ना. आम्हाला कळणार कसं तुम्ही आलात ते?"

त्यांनी मान बाहेर काढली. "मी काल आलेलो. परवापण आलेलो. आज येणार नाय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी आत जाऊन मुक्तावर ओरडलो.

गाडीत त्यांनी मुलांना एक खेळ लावून दिला होता. मागून कोणी सुसाट आला आणि व्हॅनच्या पुढे गेला की मुलांनी तो आपला म्हणून निवडायचा. "लाल बाईक माझी." "पांढरी गाडी माझी." मग पुढचा सिग्नल आला की बघायचं, आपलं वाहन तिथे उभं आहे का. उभं असलं तर पेपरमिंटची गोळी. मुक्ता सांगायची की गोळी मिळाली नाही असं जवळजवळ होतच नाही. काका त्या सुसाट गेलेल्या माणसाच्या शेजारी सावकाश येऊन थांबायचे आणि खिडकीतून त्याच्याकडे बघून ओळखीचं हसायचे. गावाकडे लग्नात दोन दिवसांपूर्वी भेटलेला पाहुणा परत भेटला की हसतात, तसं.

"ओव्हरटेक म्हणजे काय रे?" ते मुलांना विचारायचे.

आणि नऊ पोरं एका सुरात सांगायची, "पुढच्या सिग्नलचं आधी दर्शन."

हे पाढ्यांच्या चालीवर पाठ झालेलं होतं. खरे पाढे मुक्ताला बारापर्यंतच यायचे.

आणखी एक. व्हॅनमध्ये मागच्या सीटखाली बुटांचा एक खोका होता. त्यात काळ्या रिबनी, सेफ्टी पिना, पांढरे मोजे दोन जोड, एक पट्टा, एक कंगवा आणि पट्टीपेन्सिल. मी एकदा विचारलं की हे कशासाठी. ते म्हणाले, "बस चालवायचो तेव्हा टूल बॉक्स असायचा. गाडी बंद पडली तर. आता गाडी बंद नाय पडत. पोरं बंद पडतात."

आता माझ्याविषयी. मी वेळ वाचवणारा माणूस आहे. तेव्हा अंधेरीला ऑफिस होतं आणि मी स्कूटरवर जायचो. गोराई ते अंधेरी किती मिनिटांत कापलं हे मी ऑफिसात रोज सांगत असे आणि ते ऐकणारी माणसं रोज माझ्याबरोबर लिफ्टच्या रांगेत उभी असत. वाचवलेला वेळ मी त्या रांगेत खर्च करायचो. उरला तर चहाच्या टपरीवर. मी वाचवलेल्या मिनिटांतून घरी कधी काही आलं असेल, असं हिच्या ऐकिवात नाही.

एका सकाळी तर मी व्हॅनशीच शर्यत लावली. मुक्ताला पोटात दुखतंय की नाही याचा निर्णय होईपर्यंत आमच्याकडे अग्रलेखाच्या पुढचं पान झालं, आणि मीच खाली ओरडून काकांना जायला सांगितलं. मग निर्णय झाला की दुखत नाहीये. मी मुलीला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो. लिंक रोडला व्हॅन गाठली, मागे टाकली, मुक्ताने आतल्या मैत्रिणींना हात केला. दोन रिक्षांच्या मधून गेलो, एका टँकरला कट मारला, एका बाईच्या शिव्या खाल्ल्या. शाळेच्या दारात पोचून हेल्मेट काढलं आणि मुक्ताच्या दप्तराचा बंद सोडवत होतो, तोवर व्हॅन येऊन थांबली.

काका म्हणाले, "मी तुमच्या मागेच होतो."

आतल्या आठ पोरांनी त्या दिवशी मला निवडलं होतं. आठांना गोळी मिळाली.

एवढ्यावर शहाणा माणूस काही शिकला असता. मी ठराव लिहिला.

झालं असं. शाळेचं फाटक सात दहाला बंद व्हायचं. त्यानंतर छोट्या दारातून आत जायचं आणि डायरीत लाल शिक्का घ्यायचा. तीन शिक्के झाले की पालकांना बोलावणं. व्हॅनचं असं असतं की एक मूल उशिरा आलं की नऊच्या नऊ उशिरा पोचतात. जानेवारीत सगळ्यांच्या डायऱ्यांत तीन-तीन शिक्के झाले. मी मुख्याध्यापिकाबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "सकाळी नेमका उशीर कुठे होतो?"

मी म्हटलं, "व्हॅन फार हळू येते."

हे वाक्य इतकं सहज बाहेर आलं की मला स्वतःलाच ते पटलं. घरी येऊन ग्रुपवर टाकलं. बाकीच्यांनाही पटलं. प्रत्येकाने आपापल्या बाईंना हेच सांगितलेलं असणार. मग सान्वीच्या आईने रविवारी सोसायटीच्या गच्चीवर मीटिंग बोलावली, आणि मुक्ताच्या बाबांचं मराठी चांगलं आहे म्हणून ठराव मी लिहिला. 'विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक हिताच्या दृष्टीने वाहनाच्या वेगात समाधानकारक वाढ व्हावी, अन्यथा पालकांना पर्यायी व्यवस्थेचा विचार करावा लागेल.' 'अन्यथा' हा शब्द लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

पर्यायी व्यवस्था तयारच होती. महावीर नगरचा एक तरुण ड्रायव्हर होता, नवी व्हॅन, आत गाणी, दहा मिनिटांत शाळेत सोडतो अशी ख्याती. काकांना हे ठाऊक होतं. वर्षाच्या मध्ये नऊ मुलं गेली की जूनपर्यंत नवी मिळत नाहीत, तोवर व्हॅन दारात उभी राहते. दारात उभ्या राहिलेल्या व्हॅनचं पुढे काय होतं हेही त्यांना ठाऊक होतं. आम्हालाही होतं. पण आम्ही शैक्षणिक हिताच्या दृष्टीने बसलो होतो.

काका आले, टाकीच्या कठड्याला टेकले आणि ठराव पूर्ण ऐकला.

"किती फास्ट पायजे?" त्यांनी विचारलं.

"साठ तरी," आर्यनचे बाबा म्हणाले. त्यांच्याकडे मोठी गाडी होती आणि ते एकदा शाळेत आठ मिनिटांत पोचले होते. त्या दिवशी रविवार होता आणि शाळा बंद होती, हे ते सांगत नसत.

"बरं. रस्तो पाच किलोमीटर," काका म्हणाले. "चाळीसने गेलो तर साडेसात मिनिटं. साठने गेलो तर पाच. म्हणजे तुमचो फायदो अडीच मिनिटांचो. तोसुद्धा रस्तो मोकळो असलो तर. मध्ये आठ सिग्नल. गाडी धावतली हो, पण सिग्नल धावूक व्हयो मां?"

"अडीच तर अडीच," आर्यनचे बाबा म्हणाले. "अडीच मिनिटांत शिक्का वाचतो काका."

"आणि गेटांवर जातात ती?"

नऊ घरांतली माणसं एकमेकांकडे बघायचं टाळत होती. काकांनी एकाही घराचं नाव घेतलं नाही. मी माझ्या कागदावर एक काना उगाच ठळक करत बसलो. त्यांनी त्या वेळी नुसता 'अग्रलेख' एवढा शब्द उच्चारला असता तरी ठराव तिथेच संपला असता. ते म्हणाले, "ठीक आहे. आठवडाभर तुम्ही म्हणता तशी चालवतो. पण एक मोठं माणूस रोज गाडीत बसूक व्हया. घड्याळ घेऊन. नायतर म्हणाल काका आपले चाळीसनेच गेले."

सगळ्यांना एकदम आपापले फोन आठवले.

"मुक्ताचे बाबा जातील," सान्वीची आई म्हणाली. "ठराव त्यांचाच आहे ना."

सोमवारी मी पहाटे उठून, घरात कोणालाही न उठवता, चालत काकांच्या पहिल्या थांब्यावर गेलो. पुढच्या सीटवर बसलो. एकेक गेट करत आम्ही आमच्या गेटकडे वळलो, तेव्हा काकांचा हात सवयीने पेपरवर गेला. आणि तिथेच थांबला.

मुक्ता गेटवर उभी होती. दप्तर पाठीवर, बाटली गळ्यात, दोन्ही पायांत मोजे.

"आज काय गो बाय?" काकांनी विचारलं. "सूर्य खंयसून उगवलो?"

मुक्ता आत चढत म्हणाली, "बाबा नव्हते ना घरी."

व्हॅनमध्ये खसखस पिकली. मी मागे वळून म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही असलात की सारखं सांगता ना, सहा वीस झाले, सहा बावीस झाले. मग मी घड्याळाकडे बघते. मग मोजा घालायचा राहतो. मग तुम्ही दप्तर परत काढून बघता वेळापत्रकाप्रमाणे भरलंय का. मग डबा उघडून बघता झाकण लागलंय का. मग ते लागत नाही."

हे ती कुरकुरत नव्हती. भूगोलाच्या तासाला कोकणातली पिकं सांगावीत तसं सांगत होती.

काकांनी गाडी साठवर नेली. पोरांना काय आनंद झाला म्हणून सांगू. त्यांच्या दृष्टीने हे विमान होतं. पहिल्या सिग्नलला आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो आणि सगळे येईपर्यंत उभे राहिलो. दुसऱ्यालाही तेच. खेळ मात्र बंद पडला, कारण पुढे जाणारे आता आम्हीच होतो आणि गोळी कोणाला द्यायची ते ठरेना. शाळेत पोचलो तेव्हा सहा एकोणसाठ. फाटक सताड उघडं, रखवालदार अजून खुर्ची पुसत होता.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. ग्रुपवर आनंदीआनंद. 'बघा, फास्ट चालवल्याचा फायदा.' 'तेरा मिनिटं लवकर.' 'मुक्ताच्या बाबांचे आभार.' हात जोडलेली चित्रं, फुलांचे गुच्छ. एका गुच्छाखाली लिहिलं होतं, 'हे आधीच करायला हवं होतं.' मी ते सगळं वाचलं आणि एकालाही उत्तर दिलं नाही. नम्र माणूस आहे, असं लोकांना वाटलं असेल.

गुरुवारी महावीर नगरच्या अलीकडे, पत्र्यांच्या फटीतून एक म्हातारे गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन रस्त्यात आले. काकांनी ब्रेक मारला. मागे नऊ दप्तरं, नऊ बाटल्या आणि नऊ पोरं पुढे आली. सान्वीचं कपाळ समोरच्या दांड्यावर आपटलं. गृहस्थांना गाडी लागली नाही, पण हातातली पिशवी पडून फुटली. गाडी चाळीसला असती तर जिथे थांबली असती, त्याच्या बरंच पुढे आम्ही उभे होतो, आणि ते गृहस्थ बंपरला हात लावून उभे होते.

काका खाली उतरले. गृहस्थांना हाताला धरून फुटपाथवर नेलं, पाणी दिलं, दुधाच्या दुकानातून नवी पिशवी आणून हातात ठेवली. परत आले तेव्हा सान्वीचं कपाळ निरखून बघितलं. टेंगूळ आलं होतं. मग ते आपल्या सीटवर बसले आणि चावी फिरवली नाही.

"तीस वर्षं बस चालवली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "असो ब्रेक कधी मारूचो लागलो नाय."

मागे मुलं खाली पडलेली दप्तरं आणि बाटल्या गोळा करत होती.

"उद्यापासून चाळीस," ते म्हणाले. "रविवारी तुम्ही ठरवा काय ठरवायचं ते. साठच पायजे असेल तर दुसरो बघा. मी नाय करणार."

शुक्रवारी ते चाळीसने आले. मुक्ता गेटवर उभी होतीच. आठातल्या पाच सिग्नलांना आम्ही थांबलो. शाळेत पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात सात वाजून एक मिनिट झालं होतं.

मला गणितात कधी चांगले गुण नव्हते, पण एवढं मलाही जमलं. शिक्का बसायचा त्या दिवशी व्हॅन सात बाराला पोचायची. गाडी वीसने वाढवली त्यात दोन मिनिटं वाचली होती. मी घरातून वजा झालो त्यात अकरा.

शाळेच्या दारात मुलं उतरल्यावर मी काकांना म्हटलं, "रविवारी रिपोर्ट द्यायचाय मला."

"द्या की."

"काय लिहू?"

त्यांनी काच पुसायचं फडकं झटकलं. "मी नुसतो वाचणारो माणूस. लिवणारे तुम्ही."

ते गेले. मला वाटलं होतं ते एकदा तरी म्हणतील, साहेब, सांभाळून घ्या. ते म्हणाले असते तर मला उपकार केल्यासारखं खरं लिहिता आलं असतं. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

शनिवारी दिवसभर मी रिपोर्ट लिहीत होतो. पहिला मसुदा असा होता : 'वेळेत झालेली सुधारणा ही विविध घटकांचा एकत्रित परिणाम असून त्याबाबत अधिक निरीक्षणाची आवश्यकता आहे.' मला तो आवडला होता. त्यात कोणी खोटं पकडू शकलं नसतं, आणि खरं तर त्याहून नाही.

ही चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून तिने तो वाचला.

"अहो," ती म्हणाली, "विविध घटक म्हणजे तुम्ही का?"

"तसं नाही. सगळ्याच घरांत थोडाफार उशीर होतो."

"होतो ना. पण या आठवड्यात त्यांच्याही घरात तेवढाच झाला. आपल्या घरात झाला नाही." तिने कप ठेवला. "तुम्हाला सांगू? सोमवारी सकाळी मला वाटलं कोणीतरी रेडिओ बंद केलाय. मुक्ता आणि मी पोळी खाल्ली. बसून. टेबलावर."

"मग तू मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"कधी सांगणार? सकाळी तुम्ही बोलत असता."

दुसरा मसुदा मी रस्त्याच्या कामावर ढकलला, तिसरा सिग्नलांवर. चौथा इतका लांब झाला की त्यात सत्य कुठेतरी होतं, पण मलाच ते परत सापडेना. दरम्यान ग्रुपवर आर्यनच्या बाबांनी टाकलं होतं की नवा ड्रायव्हर सोमवारपासून यायला तयार आहे, फक्त हो म्हणायचं. सान्वीच्या आईने त्यावर काही लिहिलं नव्हतं. तिच्या मुलीच्या कपाळावरचं टेंगूळ तोवर निळं झालं होतं.

रविवारी सकाळी दात घासायच्या आधी मी पलंगावर बसूनच लिहिलं आणि परत न वाचता पाठवलं. 'गाडी साठने नेली त्यामुळे दोन मिनिटं वाचली. सकाळी मी घरात नव्हतो त्यामुळे अकरा वाचली. सगळ्यांचे शिक्के आमच्या गेटवर झालेल्या उशिराने बसले आहेत. तो उशीर मुक्ताचा नाही, माझा आहे. काका चाळीसने चालवतात तेच बरोबर आहे. त्यांना काढू नये. मुक्ताचे बाबा.'

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. मग कोणीतरी लिहायला लागलं आणि थांबलं. दुसरं कोणीतरी लिहायला लागलं, तेही थांबलं. मी फोन पालथा घातला, सुलटा केला, परत पालथा घातला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकलो.

वीसेक मिनिटांनी आर्यनच्या बाबांनी लिहिलं, 'आमच्याकडेही कधीकधी तीनेक मिनिटं होतात.' त्या माणसाच्या तोंडून निघालेली ही आयुष्यातली सर्वांत मोठी कबुली असावी. मग आणखी एका आईने लिहिलं, 'आमच्याकडे चार.' मग कोणी पाच, कोणी दोन. नऊ घरं एकदम प्रामाणिक झाली. आजवर लिंक रोडवर हरवलेली मिनिटं एकेकाच्या बेसिनपाशी आणि चपलांच्या स्टँडपाशी सापडू लागली.

शेवटी सान्वीच्या आईचा निर्णय आला. 'काकाच राहतील. चाळीसनेच. हा विषय संपला.'

मी श्वास सोडला. तेवढ्यात खाली दुसरा मजकूर आला. 'फक्त एक विनंती. मुक्ताचे बाबा, तुम्ही उद्यापासून रोज व्हॅनमध्ये बसाल का? एप्रिलपर्यंत?'

मला वाटलं, गंमत चाललीय. पण खाली संमतीचे अंगठे यायला लागले. एक, दोन, पाच. आठ झाले. नववा आमच्याच घरातून आला, कुकरच्या बाजूने.

मी काकांना फोन लावला. अर्ध्या तासात मी माझी अब्रू घालवून त्यांची व्हॅन वाचवली आहे, हे त्यांना कळावं, एवढाच हेतू होता. त्यांना ते आधीच कोणीतरी कळवलेलं होतं. ते आभार वगैरे मानायच्या फंदात पडले नाहीत.

"बसा की," ते म्हणाले. "खिडकीची सीट देतो. पण एक सांगून ठेवतंय. माझ्या गाडीत कोणी किती वाजले म्हणून बोलूचा नाय."

मी म्हटलं, "बरं."

रात्री झोपताना ही नेहमीपेक्षा खुशीत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही. सोमवारी पहाटे जाग आली तेव्हा माझ्या पलंगाशी माझ्या चपला आणून ठेवलेल्या होत्या, दाराकडे तोंड करून.